‘डूकी’ : गाण्यांआधी करारावर लागलेला निकाल

मार्च २०२५मध्ये ग्रीन डे मुंबईत आला. महालक्ष्मी रेसकोर्सवर लोलापलूझा संगीत महोत्सवाच्या मंचावर या अमेरिकन पंक बँडने भारतात पहिल्यांदा वाजवलं. ‘डूकी’ हा त्यांचा अल्बम १ फेब्रुवारी १९९४ला आला होता आणि त्यातल्या गाण्यांशिवाय त्यांचा एकही कार्यक्रम पुरा होत नाही. अमेरिकेत या अल्बमला दोन कोटींच्या विक्रीचं प्रमाणपत्र आहे. २०२४मध्ये तिथल्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने जतन करण्याजोग्या ध्वनिमुद्रणांच्या राष्ट्रीय यादीत तो घेतला. इतका मान मिळालेला हा अल्बम निघाला तेव्हा तो घडवणाऱ्या पोरांना त्यांच्याच गावातल्या क्लबचा दरवाजा बंद झाला होता. ‘डूकी’वर तेव्हा काय लिहिलं-बोललं गेलं, हे त्या दरवाज्यापासूनच सांगायला हवं.

कॅलिफोर्नियातल्या बर्कलीत ९२४ गिलमन स्ट्रीट या पत्त्यावर ३१ डिसेंबर १९८६ला एक क्लब सुरू झाला. गोदामवजा इमारत, दारू नाही, वयाची अट नाही, सगळं काम स्वयंसेवकांचं. वंशद्वेष, स्त्रियांचा अपमान, समलिंगींची हेटाळणी चालणार नाही, हे तिथे आधीच सांगितलेलं असे. पंक म्हणजे वेगवान, रांगडं, बंडखोर रॉक संगीत; त्याला वाहिलेल्या ‘मॅक्सिमम रॉक-न-रोल’ या मासिकाचे टिम योहानन हे या क्लबमागचं एक मोठं नाव. आणखी एक नियम होता : मोठ्या रेकॉर्ड कंपनीशी करार केलेल्या बँडला इथे वाजवता येणार नाही.

ग्रीन डेचे बिली जो आर्मस्ट्राँग आणि माइक डर्न्ट हे शाळेतले मित्र याच क्लबमध्ये वाजवत मोठे झाले. आर्मस्ट्राँग तेलशुद्धीकरण कारखान्याच्या सावलीतल्या रोडिओ गावचा. वडील ट्रक चालवायचे आणि जॅझ वाजवायचे. तो दहा वर्षांचा असताना ते गेले. पुढे ट्रे कूल ड्रमवर आला आणि लुकआउट या बर्कलीच्या छोट्या कंपनीने त्यांचा ‘करप्लंक’ हा अल्बम काढला. त्या कंपनीच्या मानाने तो तुफान खपला. मोठ्या कंपन्या मागे लागल्या आणि १९९३मध्ये बँडने वॉर्नरच्या रिप्रीज कंपनीशी करार केला. गिलमनने नियमावर बोट ठेवलं. क्लबच्या संडासाच्या भिंतीवर बिली जो मेला पाहिजे असं कुणीतरी लिहून ठेवलं.

हा राग पोरकट होता, असं आज म्हणणं सोपं आहे. मला ते पटत नाही. त्या रागामागे हिशेब होता, तोही अगदी कागदावर मांडलेला. ध्वनिमुद्रक स्टीव्ह अल्बिनी यांनी १९९३मध्ये एक लेख लिहिला, जो पुढे ‘मॅक्सिमम रॉक-न-रोल’नेही छापला. अडीच लाख प्रती खपलेल्या एका काल्पनिक बँडचा जमाखर्च त्यात ओळीओळीने दिला आहे. आगाऊ रक्कम, स्टुडिओचं भाडं, वकील, व्यवस्थापक, व्हिडिओ, दौऱ्याची गाडी असं सगळं वजा होत जातं. शेवटी कंपनीच्या हाती सात लाख डॉलरच्या वर उरतात आणि वादकाच्या हाती माणशी चार हजारांच्या आसपास. शिवाय बँड कंपनीचा देणेकरी तो देणेकरीच. ज्यांनी हा हिशेब वाचला होता, त्यांना ग्रीन डेची सही म्हणजे फितुरी वाटली. नव्वदीच्या सुरुवातीला ‘निर्वाणा’ या बँडचं यश पाहून कंपन्या गावोगावचे बँड उचलत होत्या, आपण दहा वर्षं राबून उभं केलेलं घर कुणीतरी परस्पर विकतंय अशी ही भावना होती. त्यामुळे अल्बम दुकानात यायच्या आधीच या लोकांचा निकाल लागला होता, आणि तो करारावर होता.

दुसऱ्या बाजूला मुख्य प्रवाहातल्या समीक्षकांना हा अल्बम आवडला. रॉबर्ट ख्रिस्टगाऊ यांनी त्याला ‘ए-मायनस’ अशी वरची श्रेणी दिली. न्यूयॉर्क टाइम्सच्या जॉन पॅरेलिस यांनी १९९५च्या सुरुवातीला लिहिलं, त्याचा आशय असा : रडगाणं आणि टीव्हीचे चॅनल बदलत बसणं यांवरची ही वेगवान, गमतीदार गाणी आहेत आणि निरुत्साह इतक्या उत्कटतेने क्वचितच ऐकू येतो. त्याच वर्षी सर्वोत्तम अल्टरनेटिव्ह अल्बमचं ग्रॅमी मिळालं. बिलबोर्डच्या यादीत ‘डूकी’ दुसऱ्या क्रमांकापर्यंत चढला. एप्रिल १९९४मध्ये ‘निर्वाणा’चा गायक कर्ट कोबेन गेला होता, त्याच्या ग्रंज या उदास, खरखरीत रॉकवर सावट होतं, आणि एमटीव्हीवर बर्कलीतल्या एका तळघरात चित्रित झालेला ‘लाँगव्ह्यू’चा व्हिडिओ दिवसरात्र फिरत होता. ते तळघर या पोरांच्या राहत्या घराचंच होतं. ऑगस्टमध्ये वुडस्टॉकच्या पंचविसाव्या वर्षाच्या महोत्सवात प्रेक्षकांनी मंचावर चिखल फेकला, बँडने तो परत फेकला. माइक डर्न्टला प्रेक्षक समजून एका सुरक्षारक्षकाने आडवा केला, त्यात त्याच्या दातांना इजा झाली. टीव्हीवर हे सगळ्या देशाने पाहिलं. मग कौतुकातही एक चित्र पक्कं झालं : आळशी, कंटाळलेली, विनोदी पोरं.

दोन्ही बाजूंनी नेमकं काय ऐकलं, हे तपासायला एक गाणं हाताशी आहे. ‘वेलकम टू पॅरडाइज’ दोनदा मुद्रित झालंय, आधी लुकआउटच्या ‘करप्लंक’वर आणि मग रिप्रीजच्या ‘डूकी’वर. तोच बँड, तेच शब्द, तीच चाल. घर सोडून ओकलंडच्या पडक्या वस्तीत राहायला गेलेल्या पोराची ती कैफियत आहे. सुरुवातीला घाबरलेला तो शेवटी त्याच वस्तीला आपलं म्हणतो. दोन्ही आवृत्त्या एकापाठोपाठ ऐकून पाहा. पहिलीत गिटार पातळ, ड्रम जरा लांबून आल्यासारखे. दुसरीत मधल्या वाद्यांच्या तुकड्यात बेस आणि गिटार एकमेकांना धरून खाली उतरतात आणि त्या उतरणीला वजन आहे. निर्माता रॉब कव्हॅलो आणि मिश्रण (मिक्सिंग) करणारा जेरी फिन यांचं हे काम. बर्कलीच्याच फँटसी स्टुडिओत सुमारे तीन आठवड्यांत अल्बम मुद्रित झाला. पहिलं मिश्रण बँडला पसंत पडलं नाही म्हणून ते पुन्हा करून घेतलं. गाणं गुळगुळीत झालंय असं मला कुठेही वाटत नाही; ते आता नीट ऐकू येतं एवढंच. लुकआउटवर असताना जे गाणं आपल्या माणसांचं होतं, तेच वॉर्नरच्या शिक्क्यासह परकं ठरलं.

आणि आतला मजकूर? ‘बास्केट केस’ आर्मस्ट्राँगला येणाऱ्या भीतीच्या झटक्यांवर आहे. त्याला तेव्हा वाटायचं की आपलं डोकं फिरतंय. निदान नंतर झालं. ‘कमिंग क्लीन’ जेमतेम दीड मिनिटाचं, स्वतःच्या लैंगिकतेशी झगडणाऱ्या किशोराचं. जानेवारी १९९५मध्ये ‘द ॲडव्होकेट’ या समलिंगी चळवळीच्या नियतकालिकाला मुलाखत देऊन आर्मस्ट्राँगने आपण उभयलैंगिक (बायसेक्शुअल) असल्याचं सांगितलं. १९९४च्या दौऱ्यात त्यांनी पॅन्सी डिव्हिजनला बरोबर घेतलं. हा सॅन फ्रान्सिस्कोचा, उघडपणे समलिंगी पुरुषांचा, लुकआउटचाच बँड. देशभरातल्या मोठ्या सभागृहांत, शाळकरी पोरांच्या गर्दीसमोर त्यांनी वाजवलं. समलिंगींची हेटाळणी नको हा गिलमनचा नियम ज्यांनी इतक्या दूरवर नेला त्यांनाच गिलमन बंद होतं, आणि कंटाळलेल्या पोरांचं चित्र रंगवणाऱ्यांच्या लेखांत या बाजूला फारशी जागा मिळाली नाही. ‘डूकी’च्या स्वागतातली ही उणीव मला सगळ्यात मोठी वाटते.

त्या वर्षी पंक खपवायला मोठी कंपनी लागतेच असंही नव्हतं. एप्रिलमध्ये आलेला ऑफस्प्रिंग या बँडचा ‘स्मॅश’ एपिटाफ या स्वतंत्र कंपनीचा, आणि तोही जगभर लाखोंनी खपला. करार किती जड पडू शकतो हे मात्र जॉब्रेकरकडे पाहिलं की कळतं. त्याच परिसरातला, गंभीर गीतांसाठी मानला जाणारा हा बँड. मोठ्या कंपनीकडे जाणार नाही असं त्यांनी जाहीरपणे म्हटलं होतं, पण पुढे ते गेले. १९९५चा ‘डिअर यू’ हा अल्बम केला त्याच रॉब कव्हॅलोने. जुन्या चाहत्यांपैकी काही जण कार्यक्रमात मंचाकडे पाठ करून बसले. अल्बम खपला नाही आणि १९९६मध्ये बँड फुटला. आज तोच अल्बम पुढच्या पिढ्यांना वाट दाखवणारा म्हणून गौरवला जातो. ग्रीन डेकडे निदान लाखो नवे श्रोते होते. यांच्याकडे जुने गेले आणि नवे आले नाहीत.

ग्रीन डेने गिलमनला उत्तर दिलं ते गाण्यातूनच. १९९५च्या ‘इन्सॉम्निॲक’मध्ये जुन्या क्लबवर गेल्यावर मिळालेल्या वागणुकीवर एक गाणं आहे, आणि तो सबंध अल्बमच ‘डूकी’पेक्षा काळवंडलेला आहे. पंक जन्माला घातल्याचा मान सांगणाऱ्या सेक्स पिस्टल्सच्या जॉन लायडन यांनी पुढे कित्येक वर्षं ग्रीन डेचं संगीत पंक नव्हेच असा धोशा लावला. पण पॉप चालीची पंकला ॲलर्जी कधीच नव्हती. १९७६चे रमोन्स आणि इंग्लंडचे बझकॉक्स गुणगुणता येतील अशाच चाली बांधत होते.

मत बदललं ते हळूहळू. जेरी फिनने १९९९मध्ये ब्लिंक-१८२चा ‘एनिमा ऑफ द स्टेट’ केला, त्यामागून बँडची रांग लागली, आणि या सगळ्यांचा उगम शोधणारे समीक्षक ‘डूकी’पाशी येऊन थांबू लागले. २००३मध्ये रोलिंग स्टोनने सर्वश्रेष्ठ ५०० अल्बमांच्या यादीत त्याला १९३वं स्थान दिलं. पुढच्याच वर्षी इराक युद्धाच्या काळातला ग्रीन डेचा ‘अमेरिकन इडियट’ आला, आणि हा बँड गंभीरपणे घेण्याजोगा आहे यावर बहुतेकांचं एकमत झालं. ख्रिस्टगाऊ यांचं झालं नाही; ‘डूकी’ला वरची श्रेणी देणाऱ्या या समीक्षकांनी ‘अमेरिकन इडियट’ला ‘सी-प्लस’वर बसवलं.

२००५मध्ये आणखी एक गोष्ट घडली, जी गिलमनच्या हिशेबात कुणीच धरली नव्हती. रॉयल्टी थकल्यामुळे ग्रीन डेने आपले सुरुवातीचे अल्बम लुकआउटकडून काढून घेतले. ‘करप्लंक’ही त्यातच होता. २०१२मध्ये लुकआउट बंद झाली. अल्बिनींचं गणित यामुळे खोटं ठरत नाही, पण छोटी कंपनी म्हणजे चोख हिशेब असं मानणाऱ्यांना उत्तर द्यावं लागतं.

एप्रिल २०१५मध्ये क्लीव्हलंडला ग्रीन डेचा रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये समावेश झाला. महिनाभराने, १७ मे रोजी, त्यांनी गिलमनमध्ये पुन्हा वाजवलं. कार्यक्रम मदतनिधीसाठी होता : एका आगीत नुकसान झालेल्या ‘एके प्रेस’ या प्रकाशनसंस्थेसाठी आणि तिच्या शेजारच्या छापखान्यासाठी.