घरगुती जलतरण तलाव : भरणे व उपसणे

घराच्या आवारातील पोहण्याचा तलाव पाण्याची नासाडी, प्रदूषण किंवा बांधकामाची हानी न होऊ देता भरण्याची व रिकामा करण्याची पद्धत. नीट गाळलेले आणि क्लोरीनने निर्जंतुक केलेले पाणी वर्षानुवर्षे वापरता येते. त्यामुळे तलाव पूर्ण उपसण्याची वेळ क्वचितच येते. दर हंगामात तो रिकामा करण्याची सवय बहुधा अनाठायीच असते.

८ मीटर लांब, ४ मीटर रुंद आणि सरासरी १.५ मीटर खोल तलावात ४८,००० लिटर पाणी मावते. मिनिटाला २० लिटर पाणी देणाऱ्या नळीने तो भरायला ४० तास लागतात. भरताना नळीचे तोंड पाण्यात बुडू देऊ नये. नळाचा दाब एकाएकी घटला, तर तलावातले पाणी उलट पिण्याच्या वाहिनीत ओढले जाऊ शकते. ताज्या गिलाव्याचा तलाव मध्ये न थांबता भरतात, नाहीतर थांबलेल्या पातळीची रेघ भिंतीवर उमटते. भूजलात लोह किंवा मँगनीज असल्यास क्लोरीन टाकताच पाणी तपकिरी वा काळपट होते. म्हणून ते आधी तपासलेले बरे.

उपसण्याचे नेहमीचे कारण म्हणजे साचलेले सायन्यूरिक आम्ल. उन्हात क्लोरीन टिकावे म्हणून ते घालतात. पण ते पाण्याबरोबर उडून जात नाही आणि फार वाढले की क्लोरीनचा प्रभाव मंदावतो. यावर अर्धे पाणी बदलणे पुरते : लिटरला १०० मिलिग्रॅम असलेले आम्ल ५० वर येते. क्षारांचेही तसेच.

पूर्ण उपशाचा खरा धोका जमिनीखाली असतो. आतल्या पाण्याचे वजन गेले आणि भोवतालचे भूजल वर असले, तर तलावाचे अख्खे कवच होडीसारखे वर उचलले जाते. फायबरग्लासच्या भिंती फुगतात, काँक्रीटला तडे जातात. तळाशी दाब सोडणारी झडप असली, तरी ती चोंदलेली नाही याची खात्री करावी लागते. पावसाळ्यात किंवा अतिवृष्टीनंतर तलाव उपसणे म्हणजे संकट ओढवून घेणे. विनाइलचे अस्तर कोरडे पडले की आकसते, आणि पुन्हा ताणताना फाटते.

काढलेले पाणी कुठे जाते, हेही महत्त्वाचे. पावसाच्या पाण्याची गटारे बहुतेक ठिकाणी प्रक्रियेविना थेट ओढ्यानदीत उतरतात. तलावात लिटरला साधारण १ ते ३ मिलिग्रॅम क्लोरीन असते; अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने गोड्या पाण्यातील जीवांसाठी ठरवलेली दीर्घकालीन मर्यादा मात्र ०.०११ मिलिग्रॅम आहे. म्हणून क्लोरीन घालणे थांबवून पाणी काही दिवस उन्हात राहू द्यावे किंवा सोडियम थायोसल्फेटने क्लोरीन नष्ट करावे, आणि चाचणी संचाने खातरजमा करून सामू ७ ते ८ च्या दरम्यान आणावा. सायन्यूरिक आम्ल जास्त असल्यास उन्हाचा उपाय मंद पडतो. शेवाळनाशकातले तांबे उन्हाने जात नाही. क्लोरीन गेलेले पाणी बागेला चालते, पण खाऱ्या पाण्यावर चालणाऱ्या तलावाचे नाही. ते माती बिघडवते. मलवाहिनीत सोडायचे, तर स्थानिक यंत्रणेची परवानगी घेऊन आणि सावकाश; सेप्टिक टाकीत मुळीच नाही. गाळणी उलट धुताना निघणाऱ्या गढूळ पाण्यालाही हेच नियम लागू होतात.