बदल स्वीकारणारा आणि धरसोड करणारा

वरवर पाहिलं तर दोघंही सारखंच वागतात. काल धरलेलं आज सोडतात, दुसरं हाती घेतात. म्हणून गावात कुणी पीक बदललं की पारावर शेरा पडतोच, ‘याचं काही खरं नाही भो, एका जागी टिकत नाही.’ उलट, दर चार महिन्यांनी नवा क्लास लावणारा पोरगा ‘आपण बदलाला घाबरत नाही’ असं अभिमानाने सांगतो. दोन्हीकडे गल्लत होते. पहिल्या गल्लतीत शहाणा माणूस बदनाम होतो, दुसरीत पोराची उमेदीची वर्षं जातात.

हा फरक नीट दाखवणारी एक जुनी मानसशास्त्रीय चाचणी आहे, विस्कॉन्सिन कार्ड सॉर्टिंग टेस्ट. ग्रँट आणि बर्ग यांनी ती १९४८ साली मांडली. समोर चार पत्ते असतात, प्रत्येकावरच्या आकृत्यांचा रंग, आकार आणि संख्या वेगळी. हातातला पत्ता कशाशी जुळवायचा ते सांगत नाहीत, फक्त ‘बरोबर’ किंवा ‘चूक’ एवढंच ऐकू येतं. रंग जुळवायचा आहे हे माणसाच्या लक्षात येतं. सलग दहा पत्ते बरोबर लागले की नियम गुपचूप बदलतो आणि आता आकार जुळवावा लागतो. ‘चूक, चूक’ ऐकूनही जो रंगालाच चिकटून राहतो, त्याचा हट्ट मोजला जातो.

पण त्याच चाचणीत आणखी एक चूक वेगळी मोजतात आणि मला ती जास्त महत्त्वाची वाटते. सलग पाच-सहा पत्ते बरोबर लागलेले असतात, नियमही तोच असतो, तरी माणूस मध्येच भलतीकडे वळतो. ही धरसोड. म्हणजे लवचिक मनाला सोडता यायला हवं, तसंच बरोबर चाललेलं धरून ठेवताही यायला हवं.

आता आपल्या खान्देशातल्या शेतात या. कपाशीची वेचणी संपत आली की पाणी देऊन फरदड, म्हणजे त्याच झाडांचं वाढीव पीक, घ्यायची सवय जुनी. चार पैसे जास्तीचे सुटतात, ते कोण सोडेल? पण बोंडअळीला रोखायला आणलेल्या बीटी कपाशीलाही गुलाबी बोंडअळी दाद देईनाशी झाली, २०१७ च्या हंगामात तर महाराष्ट्रभर बोंडं पोखरली गेली आणि हिशोबच फिरला. फरदडीच्या बोंडांत अळीला खाणं मिळत राहतं आणि ती पुढच्या हंगामापर्यंत तगते. हे समजल्यावर वेळेवर पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीची उभी झाडं, उपटणारा शेतकरी बदलला खरा, पण त्याने कपाशी सोडली नाही, फक्त रीत सोडली.

रावेर-यावलकडे केळीवर सीएमव्ही हा विषाणूजन्य रोग आला की प्रसंग याहून कठीण. रोग लागलेलं झाड बरं होत नाही, मावा ही कीड तो पुढे पसरवते. पोटच्या पोरासारखी वाढवलेली रोपं उपटताना घरात वाद होतात. ‘आबा, एवढी ओळ आजच काढू, नाहीतर बाग जाईल,’ असं म्हणणाऱ्या पोराला आळशी, हिंमत हरलेला ठरवणं सोपं असतं. पण त्याने पानावरचे पिवळे पट्टे पाहिलेले असतात.

धरसोड करणाऱ्याला मात्र स्वतःच्या शेतातलं काही दिसलेलंच नसतं. शेजाऱ्याला कांद्यात पैसे मिळाले म्हणून यंदा कांदा, भाव पडला म्हणून पुढच्या वर्षी भलतंच. केळीला लागवडीपासून घड कापेपर्यंत अकरा-बारा महिने लागतात. एवढा दम नसलेल्याला कुठलंच पीक कळत नाही.

अभ्यासिकेतही तेच. जुन्या प्रश्नपत्रिका सोडवून आपण नेमके कुठे चुकतो हे पाहणारी मुलगी नोट्सचं चौथं वाचन थांबवते आणि सरावाकडे वळते, तेव्हा तिचं ध्येय जागच्या जागी असतं. कंटाळा आला म्हणून पुस्तक बदलणाऱ्याचं तसं नसतं. आणि जो परीक्षाच सोडतो, त्याचं काय? तेही शहाणपणाचं असू शकतं. त्यासाठी सुरुवातीलाच, डोकं शांत असताना, वहीत लिहून ठेवावं : हे मी कशासाठी धरलं, आणि काय दिसलं तर सोडेन. सोडायची वेळ आली की ते पान उघडायचं. घरच्यांनीही ‘किती वर्षं झाली?’ असं टोचण्याऐवजी ‘काय पाहून सोडतोयस?’ एवढं विचारलं, तर उत्तरातूनच कळतं.