मॉलमधलं मिरवणं : थोडी पार्श्वभूमी

रविवारी संध्याकाळी ताराराणी चौकाच्या बाजूच्या मॉलमधून बाहेर पडणाऱ्यांचे हात बघा. बऱ्याच जणांच्या हातात पिशवी नसते, आणि ‘काय घेतलं?’ असं त्यांना घरीही कुणी विचारत नाही. तिथं जायचं ते बघायला आणि दिसायला.

दिसायची हौस कोल्हापूरला मॉलने लावलेली नाही. रंकाळ्यावरची चक्कर, गंगावेशीत उभ्याने प्यायचं धारोष्ण दूध, दिवाळीतली महाद्वार रोडची रेटारेटी. नवा शर्ट आणि नवी गाडी चारचौघांच्या डोळ्यांत भरवायला एवढं पुरत होतं. पंचाईत व्हायची ती दुकानात शिरल्यावर. कापड दुकानाच्या गादीवर टेकलं की चहा सांगितला जाई, घड्यांवर घड्या उलगडत, आणि काही न घेता उठणं जिवावर येई. पॅरिसमधल्या एका मोठ्या दुकानाने १८५२ पासून ही पंचाईत सोडवली : किंमत ठरलेली, आत या, बघा, घ्यायलाच हवं असं नाही. अमेरिकेतल्या मिनेसोटात १९५६ मध्ये चहूबाजूंनी बंद, वातानुकूलित मॉल उभा राहिला.

आता शब्दाचा घोळ. आपल्याकडे चार मजल्यांचं साडीचं दुकानही मॉल, किराण्याचा बझारही मॉल. पण एकाच मालकाचं दुकान कितीही मोठं असलं, तरी आत पाऊल टाकलं की तुम्ही त्याचं गिऱ्हाईक. खऱ्या मॉलची खूण म्हणजे दुकानांच्या मधली मोकळी जागा. तिथं ‘काय दाखवू?’ असं विचारणारं कुणी नसतं. मिरवणं चालतं ते याच जागेवर.

आणि नेमका या जागेवरूनच आपल्याकडचा सगळ्यात गाजलेला वाद झाला. मुंबईत हाजी अलीजवळ १९९९ मध्ये चकचकीत मॉल सुरू झाला आणि बघ्यांची झुंबड उडाली. व्यवस्थापनाने दारावर नियम लावला : मोबाईल किंवा क्रेडिट कार्ड दाखवा, नाहीतर ६० रुपये भरा. त्या काळी मोबाईलवर आलेल्या फोनचेही पैसे पडत. ते बंद झाले २००३ मध्ये. म्हणजे मोबाईल ही ऐपतीची पावतीच होती. नियमाच्या बाजूने बोलणारे हिशेब सांगत : सरकते जिने, थंड हवा, साफसफाई यांचा खर्च येणाऱ्या प्रत्येक माणसामागे होतो, आणि गर्दीमुळे खरा गिऱ्हाईक दारातूनच परततो. हिशेब खोटा नव्हता, पण अर्धा होता. महागड्या दुकानातली वस्तू घेणाऱ्याला ती घेताना बघणारे लागतात. सगळेच ऐपतदार आत घेतले, तर कोण कुणापुढे मिरवणार? शिवाय आजचा बघ्या पाच वर्षांनी पगारदार होतो. टीका झाली, नियम मागे पडला. पुढे त्या इमारतीचं नाव बदललं आणि तिथं सवलतीचा बझारही आला. कोल्हापुरात असा नियम लावायची छाती कुणाची झाली नसती. रस्त्याचा टोल घालवल्याशिवाय हे गाव गप्प बसलं नाही.

पैशाची अट गेली, तरी दार राहिलंच. बॅग तपासणं, धातुशोधक चौकट आणि सुरक्षारक्षकाची वरपासून खालपर्यंत फिरणारी नजर यांत आजही माणूस तोलला जातो. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यातले मॉल पुन्हा उघडले ते लशीचे दोन डोस घेऊन १४ दिवस झालेल्यांसाठीच. कारण वेगळं आणि रास्त होतं, पण दारात पुन्हा मोबाईलच दाखवावा लागत होता.

आतली रचना मिरवणाऱ्याच्या सोयीची आहे. मजल्याची उंची ५ मीटर धरली तर ३० अंशांच्या उतारावर सरकत्या जिन्याची लांबी होते १० मीटर. वेग सेकंदाला अर्धा मीटर. म्हणजे माणूस २० सेकंद काही न करता, सगळ्यांना दिसेल असा वर चढत असतो. बघणाऱ्यांची हक्काची जागा म्हणजे जिन्यासमोरचा पहिल्या मजल्याचा कठडा. घोटाळा होतो तो जिना संपताना : लोंबता पदर किंवा ओढणी दातेरी पट्टीत सापडते. पदर आधीच खोचावा आणि उतरल्यावर तिथंच फोटोला थांबू नये, मागचे अंगावर येतात. जिन्याच्या कडेचे ब्रश पाय लांब ठेवायची सूचना म्हणून असतात. त्यावर बूट पुसणारे महाभाग आहेतच. काचेच्या छताचा उजेड पाठीवर घेतला तर फोटोत चेहरा काळा येतो. उजेडाकडे तोंड करावं.

पिशवी हा वेगळा विषय. २०१८ च्या प्लास्टिकबंदीनंतर मोठ्या नावाची कागदी पिशवी भाव खाऊ लागली. मोज्यांचा एक जोड घेऊन ती पिशवी तासभर हातात फिरवता येते. तिचे पैसे आधी न सांगता थेट काउंटरवर लावणं अयोग्य, असा निकाल डिसेंबर २०२० मध्ये ग्राहकांच्या बाजूने लागला.

राहिली पायातली कोल्हापुरी. २०१९ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं आणि जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये तिच्यासारखीच चप्पल, गावाचं नाव न घेता, चालून गेल्यावर गदारोळ झाला. तेव्हापासून मॉलमध्ये ती मुद्दाम घालून येणारे दिसतात. पण नव्या चामडी तळाची चप्पल गुळगुळीत फरशीवर सटकते, विशेषतः नुकतीच ओली पुसलेली असेल तर. कोल्हापुरातल्या ‘चप्पल लाईन’ या चपलांच्या बाजारातून घेतानाच तळाला रबर मारून घ्यावं. करकर थोडी कमी होते, पण सगळ्यांदेखत आपटण्यापेक्षा ते परवडतं.