बेस फाटतोय, पण कुठे?

नवरात्र जवळ आलं की बडोद्यात दांडिया बाजारातल्या आमच्या घराची माडी गरब्याच्या तालमीला जाते. ढोल, कीबोर्ड, गाणारी दोन मुलं आणि बेस गिटारवर माझा भाचा. परवा तालीम अर्ध्यावर टाकून तो खाली आला. "मामा, स्पीकर गेला वाटतं. बेस फाटतोय."

वर जाऊन ऐकलं. सगळ्यांत जाड तार हळू छेडली की सूर भरीव येत होता, जोरात छेडली की त्याला कागद टरकावल्यासारखी किनार. स्पीकरच्या कोनवर, म्हणजे पुढच्या पडद्यावर, दोन्हीकडून बोटं ठेवून हलकेच दाबून पाहिलं, आत कुठे घासत नव्हतं. मोबाइलवरचं गाणं ॲम्पच्या ऑक्समधून, म्हणजे बाहेरचं गाणं जोडायच्या भोकातून, लावलं, तेही स्वच्छ. ऑक्सचा सिग्नल बहुतेक ॲम्पमध्ये गेनची, म्हणजे आलेला सिग्नल सुरुवातीलाच वाढवण्याची, पायरी टाळून थेट मागच्या भागात जातो. म्हणजे तिथून स्पीकरपर्यंत सगळं धड होतं. फाटत होतं ते त्याच्या अलीकडे.

साउंडवाले अशा वेळी म्हणतात, सिग्नल हॉट आहे. याचा तापण्याशी काही संबंध नाही. पुढच्या सर्किटला पेलवेल त्याहून जास्त व्होल्टेज मागून येतंय, एवढाच त्याचा अर्थ. मोठा आवाज आणि हॉट सिग्नल या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, आणि नव्या वादकांचा घोटाळा नेमका इथेच होतो. मास्टर, म्हणजे ॲम्पचा शेवटचा आवाजाचा नॉब, अगदी खाली असेल, आवाज शेजारच्या खोलीतही जात नसेल, तरी तो फाटलेला असू शकतो.

बेसचा सिग्नल जन्मतो पिकअपमध्ये. चुंबकांभोवती बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे असतात. वरची पोलादी तार थरथरली की चुंबकीय क्षेत्र बदलतं आणि वेढ्यांमध्ये व्होल्टेज तयार होतं. मायकेल फॅरडे यांनी 1831 साली दाखवून दिलेलं तत्त्व ते हेच. बॅटरी नसलेल्या, म्हणजे पॅसिव्ह बेसमधून साधारण एक-दोन दशांश व्होल्ट मिळतात. जोरदार फटक्याला क्षणभर एक व्होल्ट, कधी त्याहूनही जास्त. भाच्याचा बेस ॲक्टिव्ह आहे. त्याच्या पोटात 9 व्होल्टची बॅटरी आणि एक छोटा प्रीॲम्प, म्हणजे सिग्नल वाढवणारं सर्किट. मल्टिमीटर एसी व्होल्टवर लावून मोजलं. पॅसिव्हच्या खटक्यावर 0.15 व्होल्ट. ॲक्टिव्ह करून, त्याने ठेवला होता तसा बेसचा नॉब पूर्ण फिरवून, 1.6. दहापटीहून जास्त, म्हणजे 20 डेसिबलच्याही वर. शिवाय मीटर दाखवतो ते सरासरीसारखं काहीतरी. तार सुटते त्या क्षणाचं टोक याच्या कितीतरी वर असतं आणि मीटरला ते टिपायला सवडच मिळत नाही.

आता 9 व्होल्टवर चालणाऱ्या सर्किटला छत असतं: मधल्या रेषेपासून वर सुमारे चार व्होल्ट, खाली सुमारे चार. लहर त्याहून उंच जाऊ पाहते तेव्हा तिचा माथा सपाट कापला जातो. याला क्लिपिंग म्हणतात. बेसची सर्वांत जाड तार सेकंदाला 41 वेळा कंप पावते. माथा दोन्हीकडून सारखा कापला गेला की त्या 41 हर्ट्झच्या तिप्पट, पाचपट, सातपट कंपनांचे स्वरांश नव्याने उभे राहतात किंवा होते त्याहून वाढतात. टरकावल्याचा आवाज तो हाच.

स्वरांश वाढले म्हणजे वाईटच झालं असं मात्र नाही. सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने मौलाबक्षांनी 1886 साली जिथे गायनशाळा सुरू केली त्या बडोद्यात तंबोऱ्याची जवारी समजावून सांगायला नको. तीही स्वरांश फुलवण्यासाठीच असते. फरक असा की तंबोऱ्याची प्रत्येक तार आपापले स्वरांश देते. क्लिप होणाऱ्या सर्किटमधून मात्र दोन स्वर एकाच दारातून बाहेर पडतात आणि एकमेकांत कालवले जाऊन तिसरेच तयार होतात. सा 100 हर्ट्झवर धरा, कोमल गंधार 120 वर. दोन्ही एकदम वाजवून क्लिप होऊ दिले तर इतर बऱ्याच गोष्टींबरोबर 80 आणि 140 हर्ट्झही ऐकू येतात. 80 म्हणजे मंद्रातला कोमल धैवत आणि 140 तीव्र मध्यमाच्या अगदी जवळ. वाजवणाऱ्याने यांतला एकही लावलेला नाही! म्हणून एकेरी स्वर थोडा क्लिप झाला तर कधी कधी खमंगही वाटतो, पण दोन तारा एकदम छेडल्या की चिखल होतो.

तर, माथा कापला जात होता कुठे? ॲम्पवरचा क्लिपचा लाल दिवा लागत नव्हता. गेन जवळजवळ शून्यावर आणला तरी फाटणं तसंच. पण तो दिवा फक्त ॲम्पच्या आत काय चाललंय ते सांगतो, आधीचं त्याला दिसत नाही. भाच्याच्या पायाशी नवं प्रीॲम्प पेडल होतं. त्याचा लेव्हल कमी केला: आवाज उतरला, किनार गेली नाही. मग गेन होता तिथे परत आणला आणि पेडल काढून पिन सरळ ॲम्पमध्ये लावली. लाल दिवा लगेच लुकलुकला, गेन खाली घेतला, आणि सूर स्वच्छ.

ॲक्टिव्ह बेसचा फुगलेला सिग्नल पेडलच्या पहिल्याच पायरीवर छताला आपटत होता. लेव्हलचा नॉब त्या पायरीच्या नंतर येतो. सपाट झालेला माथा नंतरचा कुठलाही नॉब परत गोल करू शकत नाही, तो फक्त सपाट माथ्याची लहर लहान करतो. म्हणून शोध नेहमी तारेकडून सुरू करायचा, स्पीकरकडून नव्हे. मधलं सगळं काढा, गिटार थेट ॲम्पला जोडा, स्वच्छ आहे ना ते ऐका, मग एकेक गोष्ट परत जोडा.

बेसचा नॉब त्याने इतका का फिरवला होता, तेही पाहण्यासारखं आहे. आपला कान खालच्या स्वरांना मंद असतो, म्हणून हात आपोआप त्या नॉबकडे जातो. पण 12 डेसिबल वाढवले की त्या पट्ट्यातलं व्होल्टेज चौपट होतं आणि शक्ती सोळापट. इतकं मोजूनही कानाला त्या मानाने फार थोडं मिळतं, कारण जाड तारेच्या आवाजात 41 पेक्षा 82 हर्ट्झचा अंश बऱ्याचदा ठळक असतो आणि खालचा सूर मेंदू त्यावरून ओळखतो. खरी अडचण वेगळीच निघाली: कीबोर्डवाल्याचा डावा हात बेसच्याच सप्तकात वाजत होता. त्याला एक सप्तक वर जायला सांगितलं आणि नॉब मध्यावर असतानाही बेस खणखणीत ऐकू यायला लागला.

आणखी दोन जागा तपासाव्यात. बॅटरी उतरली की छतही खाली येतं, आणि पूर्वी स्वच्छ वाजणारा बेस हळूहळू खरखरू लागतो. बहुतेक ॲक्टिव्ह बेसमध्ये पिन लावलेली असेपर्यंत बॅटरी खर्च होत राहते, तेव्हा तालीम संपली की पिन उपसून ठेवा. दुसरी जागा पिकअपची उंची. तो तारांच्या फार जवळ असेल तर सिग्नल वाढतो आणि चुंबक तारेला ओढून सूरही बिघडवतो; कडेचे स्क्रू थोडे खाली घेतले की काम होतं. ॲम्पवर ॲक्टिव्ह बेससाठी वेगळं भोक किंवा पॅडचं, म्हणजे आत येणारा सिग्नल कमी करणारं, बटण असेल तर ते वापरण्यात कमीपणा नाही, ते त्यासाठीच दिलेलं असतं.

गेन लावताना भाच्याला सांगितलं, नवव्या रात्री मैदानात शेवटच्या फेरीला वाजवशील तसं आत्ता वाजव. तालमीला हळू छेडून लावलेला गेन मैदानात टिकत नाही. रंगात आलेला हात दुप्पट जोराने पडतो आणि व्होल्टेजही तेवढंच चढतं. त्याने जीव तोडून वाजवलं. लाल दिवा लुकलुकेपर्यंत गेन वर नेला, तिथून थोडा मागे घेतला, आणि मगच मास्टर उघडला. पेडल परत जोडलं, बेसच्या नॉबवर मध्यावर पांढऱ्या चिकटपट्टीची खूण केली. खाली उतरेपर्यंत ढोल सुरू झाला होता.