पार्श्वभूमी : घरापासून कुंडीपर्यंतचा कचरा कोणी उचलायचा?

मुंबई महापालिकेने २०२५ मध्ये घनकचऱ्याच्या नव्या उपविधींचा मसुदा हरकती-सूचनांसाठी खुला केला, तेव्हा बहुतेक चर्चा घरांवर प्रस्तावित केलेल्या शुल्काभोवतीच फिरली. शुल्क कोणत्या कामाचे, हा प्रश्न त्याहून महत्त्वाचा आहे आणि त्याचे मूळ १८८८ च्या महापालिका अधिनियमात आहे. कचरा सार्वजनिक कुंडीपर्यंत नेण्याचे काम त्या कायद्याने मालक आणि रहिवाशांवर सोपवले. पालिकेची जबाबदारी कुंडीपासून पुढे. पुढची व्यवस्था भक्कम झाली. कचऱ्याच्या वाहतुकीसाठी कुर्ला-चेंबूर रेल्वेमार्ग टाकला गेला आणि १९२७ पासून देवनारचे डम्पिंग ग्राउंड सुरू झाले.

कुंडीच्या अलीकडचा, म्हणजे घरापासून कुंडीपर्यंतचा टप्पा मात्र ज्याच्या त्याच्यावर राहिला. चाळीत किंवा सोसायटीत सकाळी मजल्यामजल्यावरचे डबे पिंपात रिकामे करणारा आणि खाली जिन्यापाशी बसून ओल्यातून सुके हातांनी निवडणारा माणूस बहुधा सोसायटीच्या मेंटेनन्समधून पगार घेतो. पालिकेचे सफाई कामगार जिथे हजेरी लावतात त्या हजेरी चौकीत त्याचे नाव नसते. इतके आवश्यक काम इतक्या बिनहिशेबी पद्धतीने चालावे, हे मला अन्यायाचे वाटते.

पर्यावरण कार्यकर्त्या अलमित्रा पटेल यांनी १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात केलेल्या जनहित याचिकेनंतर केंद्राचे घनकचऱ्याविषयीचे २००० चे नियम आले आणि घरोघरी संकलन हे स्थानिक स्वराज्य संस्थेचे, म्हणजे पालिकेचे काम ठरले. मुंबईत ते बऱ्याच अंशी कंत्राटांतून झाले, तर झोपडपट्ट्यांत ‘दत्तक वस्ती’ योजनेखाली वस्तीतल्या संस्थांमार्फत, जिथे झाडणारा-उचलणारा कामगार कागदोपत्री स्वयंसेवक होता. गाडीवरच्या कंत्राटी कामगारांनी कचरा वाहतूक श्रमिक संघामार्फत दीर्घ लढा दिला आणि सुमारे २,७०० जणांना कायम करण्याच्या निर्णयावर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्कामोर्तब केले. या कामगारांचा मालक कोण, हे असे नियमांनी नव्हे तर न्यायालयाने ठरवले.

केंद्राच्या घनकचऱ्याविषयीच्या २०१६ च्या नियमांनी घरातच वर्गीकरण सक्तीचे केले, कचरावेचकांना व्यवस्थेत सामावून घ्यायला सांगितले आणि वापरकर्ता शुल्काची तरतूद केली. त्यांतली वर्गीकरणाची बाजू पालिकेने आधी हाती घेतली : २ ऑक्टोबर २०१७ पासून २०,००० चौरस मीटरहून मोठ्या किंवा दिवसाला १०० किलोहून अधिक कचरा करणाऱ्या संकुलांनी ओला कचरा आवारातच जिरवावा, असा आग्रह धरला गेला. कचरावेचकांच्या तरतुदीला तेवढा नेट लाभला नाही. शुल्क २०२५ च्या मसुद्यात आले. त्याच वर्षी संकलन आणि वाहतूक मोठ्या प्रमाणावर खासगी कंत्राटदारांकडे सोपवण्यासाठी निविदा निघाली आणि कामगार संघटनांनी संपाचा इशारा दिला.