पट्टी मेली की आवाज मेला?

जुना सिंथेसायझर मध्येच सूर गाळू लागला की नागपुरात निदान ठरलेलं: "पट्टीत कचरा गेला असंल भाऊ, खोलून पुसून घ्या." मे महिन्यातली धूळ आणि कूलरची ओल बघता ते बरेचदा खरंही निघतं. पण ते खरं नसतं तेव्हा चांगल्या पट्ट्या विनाकारण उचकटल्या जातात आणि मूळ दुखणं तसंच राहतं.

पट्टीचा बिघाड ओळखीचाच. खालच्या कार्बनच्या रबरावर मळ साचतो आणि ती पट्टी जोर दिल्याशिवाय बोलत नाही. विजेची वायर काढा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, वाळू द्या. तिथे डब्ल्यूडी-४० तेल फवारणाऱ्यांना आणि कार्बनवर पॉलिश पेपर घासणाऱ्यांना मात्र मी नमस्कार करून लांब होतो.

घोळ होतो तो आवाजाच्या बिघाडात, कारण आपला कान पेटीवर तयार झालेला. पेटीत पट्टीला तिची स्वतःची रीड असते; रीड गेली की तोच सूर जातो. १९८४ साली आलेल्या रोलँड जुनो-१०६ या सिंथेसायझरमध्ये पट्ट्या ६१ आणि आवाज, म्हणजे सूर काढणारी सर्किटं, फक्त सहा. कुठल्याही पट्टीचा आवाज ठरलेला नाही. पट्टी दाबली की आतला प्रोसेसर पाळीने पुढचा आवाज तिच्या कामाला लावतो.

म्हणून पट्टी कोणती हे बघण्याआधी कितव्यांदा दाबल्यावर बिघडलं ते मोजा. पॉली-१ हा पाळीने आवाज वापरणारा मोड चालू ठेवा आणि पांढऱ्या पट्ट्यांवर सा रे ग म असं एकेक पट्टी दाबून सोडत वर जा. समजा ध घरघरला. थांबू नका. नि आणि वरचा सा, रे, ग, म स्वच्छ आले आणि वरचा प तसाच घरघरला, तर तो बारावा सूर होता. सहावा आणि बारावा: सहांपैकी एक आवाज गेलाय, पट्ट्या ठणठणीत आहेत. याउलट प्रत्येक वेळी तोच एक ध मुका राहत असेल, तर पट्टी. काळ्या-पांढऱ्या सगळ्या मोजून दर आठवी पट्टी मुकी असेल, तर ती पट्ट्या वाचणाऱ्या सर्किटची तुटकी लाइन. पुसून काही होणार नाही.

तरी खात्री नसेल तर की ट्रान्सपोझ हे बटण दाबून धरून मशीन चालू करा. चाचणीच्या या अवस्थेत सूर वाजताना डिस्प्लेवर आवाजाचा क्रमांक दिसतो. किंवा दुसऱ्या कीबोर्डवरून मिडीने, म्हणजे वाद्यं एकमेकांना जोडणाऱ्या केबलने, तोच सूर पाठवा. तो नीट वाजला तर दोष पट्टीकडे. एवढं न करता "आयसी (चिप) गेली" सांगणाऱ्या कारागिराला मशीन देऊ नये.

आवाजच गेला असेल तर संशय आधी ८००१७ए या मॉड्यूलवर. फिल्टर आणि व्हीसीए (आवाज लहान-मोठा करणारा भाग) त्यातच असतात, आणि त्यावरचा इपॉक्सीचा थर वर्षांनुवर्षांनी विद्युत गळती करू लागतो. पट्टी सोडल्यावरही मागे रेंगाळणारा सूर किंवा कडकड ही त्याचीच लक्षणं. थर ॲसिटोनमध्ये भिजवून काढला की बरीच मॉड्यूल पुन्हा बोलतात. मी मात्र नव्याने बनवलेलं बदली मॉड्यूल सॉकेटमध्ये बसवतो. जुन्या बोर्डाचे तांब्याचे ट्रॅक सोल्डरिंगच्या उष्णतेने सुटतात, आणि तिथे पुन्हा पुन्हा डाग द्यायला माझी तयारी नाही.