झडप की दार? उघाडीचं मॉडेल बसवताना

खाडीचं खारं पाणी शेतात येऊ नये म्हणून घातलेल्या बांधात, म्हणजे खारबंदिस्तीत, पाणी सोडायला ठेवलेलं तोंड म्हणजे उघाडी. तिला झडप असो की वरखाली होणारं दार, नाव तेच. गावात त्याने काही अडत नाही. पाणी कसं वाहील याचं गणित करणाऱ्या संगणकावरच्या मॉडेलमध्ये मात्र हमखास घोळ होतो.

झडप खाडीच्या बाजूला, वरच्या बिजागरीवर लोंबत असते. भरतीचं पाणी तिला दाबून मिटवतं, ओहोटीला आतलं पावसाचं पाणी तिला ढकलून बाहेर पडतं. दाराला माणूस लागतो किंवा मोटर. मिठागराला दारच हवं, कारण तिथे उधाणाचं पाणी मुद्दाम आत घ्यायचं असतं आणि झडप ते कधीच घेऊ देणार नाही.

नवखा माणूस झडपेलाही दार समजून नियम लिहितो: बाहेरची पातळी आतल्यापेक्षा वर गेली की बंद, खाली आली की उघड. वाचायला बरोबर वाटतं. पण मॉडेल वेळेचे छोटे टप्पे पाडून गणित करतं, आणि असा नियम साधारणपणे मागच्या टप्प्याची पातळी पाहून चालतो. भरती-ओहोटीत ४ मीटरचा फरक असेल, तर भरतीच्या मध्यावर पाणी तासाला सुमारे १ मीटर चढतं. गणिताचा टप्पा १५ मिनिटांचा ठेवलात, तर दार मिटेपर्यंत बाहेर पाव मीटर पाणी चढलेलं असतं. तेवढ्या फरकाला १ चौरस मीटरच्या बुडालेल्या तोंडातून, प्रवाहाचा गुणांक ०.६ धरून, सेकंदाला सुमारे १.३ घनमीटर खारं पाणी शेतात येतं. खऱ्या झडपेतून यातलं जवळजवळ काहीच आलं नसतं. टप्पा लहान केला की दुसरं दुखणं: पातळ्या जवळ आल्या की दार दर मिनिटाला उघडझाप करतं आणि प्रवाहाचा आलेख करवतीसारखा दिसू लागतो.

झडपेला नियम लिहूच नये. हेक-रास या मॉडेलच्या प्रोग्राममध्ये कल्व्हर्टला (मोरीला) उलटा प्रवाह रोखायचा पर्याय आहे, एसडब्ल्यूएमएम या दुसऱ्या प्रोग्राममध्ये ऑरिफिसला (तोंडाला) 'फ्लॅप गेट', म्हणजे झडप, हो-नाही एवढंच विचारतात. तेवढं पुरे.

नियम दारासाठी ठेवा, आणि तिथे हात राखू नका. उघडायची आणि मिटायची पातळी एकच न ठेवता मध्ये ५-१० सेंटिमीटरचं अंतर सोडा. दार वर यायला लागणारा वेळ द्या. हाताने फिरवायचं चाक क्षणात फिरत नाही. रात्री अडीचच्या ओहोटीला तिथे खरंच कोणी जाणार आहे का, हेही गावात विचारून घ्या. जाणार नसेल, तर नियमातही जाऊ देऊ नका.

भरतीच्या तक्त्यातली पातळी मात्र दोन्हीकडे तपासावी लागते. तक्त्याचं शून्य आणि जमिनीच्या मोजणीचं शून्य एक नाही. मुंबईला त्यांत सुमारे अडीच मीटरचा फरक आहे.

आणि झडप कागदावर असते तशी बांधावर घट्ट मिटत नाही. एखादं लाकूड अडकतं, गाळ बसतो. त्यासाठी शेजारी झडप नसलेलं एक बारीकसं तोंड मॉडेलमध्ये दाखवावं. ते केवढं, हे उघाडीजवळच्या खाऱ्या पाण्याने करपलेल्या भाताकडे बघून ठरवतात.